भूगर्भातील कर्बवायू साठवण : सुरक्षितता कशावर ठरते?

कारखान्यांच्या धुराड्यांतून बाहेर पडणारा कर्बवायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, हवेत जाऊ न देता जमिनीखाली खोलवर साठवून ठेवायचा, ही कल्पना आता प्रयोगशाळेपुरती राहिलेली नाही. नॉर्वेने १९९६ पासून ती प्रत्यक्षात आणली आहे. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि आइसलँडमध्ये असे प्रकल्प उभे राहिले आहेत. भारतात नीती आयोगाने २०२२ मध्ये या विषयावरील धोरणाचा आराखडा मांडला. ज्यांच्या गावाखाली किंवा शेताखाली हा वायू साठवला जाणार, त्यांचा प्रश्न मात्र साधा आहे : तो तेथेच राहील का, आणि न राहिल्यास काय होईल? गेल्या तीन दशकांचा अनुभव पाहता असे दिसते की, नीट पारखून निवडलेला खोल खडक सहसा दगा देत नाही. दगा देतात त्या माणसाने पाडलेल्या विहिरी, टाकलेले नळ आणि बेताबाहेर वाढू दिलेला दाब.

वायू जमिनीखाली राहतो कसा?

भूगर्भात साठवण म्हटले की एखादी पोकळ गुहा डोळ्यांसमोर येते. वस्तुस्थिती तशी नाही. हा वायू सच्छिद्र वालुकाश्मासारख्या खडकातील कणांमधल्या बारीक जागांत सोडला जातो. त्या जागांत आधीपासून बहुधा पिण्यास निरुपयोगी असे खारे पाणी असते, किंवा पूर्वी तेथे तेल अथवा नैसर्गिक वायू असतो. साधारणपणे ८०० मीटरहून अधिक खोलीची निवड केली जाते, त्याला कारण आहे. ३१ अंश सेल्सिअसहून अधिक तापमान आणि वातावरणाच्या सुमारे ७३ पटींहून अधिक दाब असला की कर्बवायू धड वायू राहत नाही, धड द्रवही होत नाही. तो दाट होतो आणि थोड्या जागेत मावतो. पृष्ठभागावर एक टन कर्बवायूला पाचशेहून अधिक घनमीटर जागा लागते. एवढ्या खोलीवर तोच दीड ते दोन घनमीटरांत बसतो.

असा दाट झालेला वायूही खाऱ्या पाण्यापेक्षा हलकाच असतो, त्यामुळे तो वर सरकू पाहतो. त्याला अडवणारे पहिले साधन म्हणजे वरचा आच्छादक खडक. मातीच्या अतिसूक्ष्म कणांनी बनलेल्या या शेल खडकातून वायूला सहज वाट मिळत नाही. दुसरे साधन खडकाची छिद्रे हेच होय. ओल्या स्पंजात हवेचे बुडबुडे अडकावेत तसा वायूचा काही भाग या छिद्रांत अडकून पडतो. तिसरी पायरी विरघळण्याची. खाऱ्या पाण्यात विरघळलेला कर्बवायू ते पाणी किंचित जड करतो आणि मग ते वर न येता खाली बसते. चौथी पायरी सर्वांत पक्की, पण बहुतेक खडकांत सर्वांत मंद असते. वायूची खडकातील कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह यांच्याशी रासायनिक क्रिया होऊन त्याचे चुनखडीसारखे खनिज बनते. म्हणजे काळ उलटत जातो तसा, सर्व काही सुरळीत असेल तर, धोका वाढत नाही, घटतो.

निसर्गाने याचे दाखलेही दिले आहेत. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील ब्राव्हो डोम या क्षेत्रात ज्वालामुखीजन्य कर्बवायू १२ लाख वर्षांहून अधिक काळ खडकात टिकून राहिला असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले आहे.

बाहेर आलाच तर काय?

कर्बवायू पेटत नाही आणि त्याचा स्फोटही होत नाही. हवेत त्याचे प्रमाण सुमारे ०.०४ टक्के असते आणि एवढ्याने कोणाला काही होत नाही. परंतु तो हवेच्या सुमारे दीडपट जड आहे, त्याला रंग नाही आणि त्याचा वासही सहज कळत नाही. वारा पडलेला असेल तर तो खोलगट जागी, नाल्यात किंवा तळघरात साचतो. हवेतील त्याचे प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेले की काही मिनिटांत शुद्ध हरपते आणि पुढे मृत्यूही ओढवू शकतो.

या भीतीचे मूळ सांगताना कॅमेरून देशातील न्योस सरोवराचा उल्लेख हमखास होतो. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री या सरोवरातून उसळलेला कर्बवायू दरीत उतरला आणि १७०० हून अधिक माणसे व हजारो गुरे गुदमरून मेली. ही घटना खरी आहे, तिच्यापासून घ्यायचा धडा मात्र मर्यादित आहे. न्योसच्या तळाशी ज्वालामुखीतून झिरपलेला वायू पाण्यात विरघळून वर्षानुवर्षे साचला होता आणि पाणी ढवळले जाताच तो एकदम सुटला. हजार-दोन हजार मीटर खोलीवर खडकाच्या छिद्रांत विखुरलेला वायू असा एकदम मोकळा होऊ शकत नाही. मात्र एखादी भरधाव विहीर किंवा फुटलेला नळ थोड्या वेळात पुष्कळ वायू ओकू शकतो. म्हणून खडकाचा धोका आणि नळाचा धोका वेगवेगळे मोजावे लागतात.

दुसरी चिंता पाण्याची. वायू हळूहळू वर झिरपून गोड्या पाण्याच्या थरात मिसळला तर ते पाणी आम्लधर्मी होते आणि आसपासच्या खडकातील शिसे, आर्सेनिक यांसारखे घटक त्यात उतरू शकतात. खोलवरचे खारे पाणी दाबाने वर ढकलले जाणे हाही याच प्रकारचा धोका होय.

स्लाइपनर : सर्वांत जुना अनुभव

नॉर्वेच्या किनाऱ्यापासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर, उत्तर समुद्रात स्लाइपनर हे नैसर्गिक वायूचे क्षेत्र आहे. तेथून निघणाऱ्या वायूत सुमारे ९ टक्के कर्बवायू असतो आणि बाजारात तो अडीच टक्क्यांच्या वर चालत नाही. नॉर्वेने १९९१ मध्ये कर्बवायूवर कर बसवला, तेव्हा वेगळा काढलेला वायू हवेत सोडण्यापेक्षा तो समुद्रतळाखालच्या उत्सिरा वालुकाश्मात पुरणे स्वस्त ठरले. १९९६ पासून दरवर्षी सुमारे दहा लाख टनांपर्यंत याप्रमाणे आजवर दीड कोटी टनांहून अधिक वायू तेथे साठवला गेला आहे.

या प्रकल्पाचे खरे मोल त्याच्या निरीक्षणात आहे. ठरावीक वर्षांनी ध्वनिलहरी खाली सोडून त्यांच्या प्रतिध्वनींवरून वायू कोठवर पसरला आहे याचे चित्र काढले जाते. १९९९ च्या सर्वेक्षणात दिसले की, वालुकाश्माच्या मधले पातळ शेल थर ओलांडून वायू तीन वर्षांतच सर्वांत वरच्या थरापर्यंत पोहोचला आहे. ही गती अपेक्षेपेक्षा जास्त होती. वरच्या जाड आच्छादक खडकाने त्याला अडवले आणि समुद्रात गळती आढळली नाही. तेव्हा स्लाइपनर दोन गोष्टी एकाच वेळी शिकवतो : साठवण टिकू शकते, आणि सर्वांत चांगल्या अभ्यासलेल्या जागीही भूगर्भ आराखड्याबरहुकूम वागत नाही.

दाबाचे गणित

नॉर्वेच्याच स्नोव्हिट प्रकल्पात २००८ मध्ये वायू सोडण्यास सुरुवात झाली. निवडलेला थर अंदाजापेक्षा कमी वायू सामावून घेत होता, त्यामुळे दाब झपाट्याने चढू लागला. मोजमाप चालू असल्यामुळे हे वेळीच कळले आणि २०११ मध्ये वायू दुसऱ्या थरात वळवण्यात आला.

अल्जीरियातील इन सालाह प्रकल्पाची गोष्ट अधिक बोलकी आहे. २००४ ते २०११ या काळात तेथे सुमारे ३८ लाख टन वायू सहारा वाळवंटाखाली सोडला गेला. उपग्रहांच्या रडार चित्रांत विहिरींभोवतीची जमीन काही मिलिमीटरांनी, आणि कालांतराने दोन सेंटिमीटरांच्या आसपास, वर उचलली गेल्याचे दिसले. दाबामुळे खालच्या खडकात भेगा पडून त्या आच्छादक खडकाच्या खालच्या भागात शिरल्या असाव्यात, अशी शंका बळावल्यावर २०११ मध्ये काम थांबवण्यात आले. आच्छादक खडक फोडून वायू पृष्ठभागावर आल्याचा पुरावा मिळाला नाही. मात्र २००७ मध्ये जवळच्याच एका जुन्या विहिरीच्या तोंडाशी थोडा वायू आढळला होता आणि ती विहीर बंद करावी लागली होती.

भूकंपाशी संबंध आहे का?

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राला अनुभवाने ठाऊक आहे. कोयना धरणाचा जलाशय भरल्यानंतर काही वर्षांनी, ११ डिसेंबर १९६७ रोजी तेथे ६.३ प्रतीचा भूकंप झाला आणि सुमारे १८० माणसे दगावली. जलाशयाचा भार आणि खाली झिरपणाऱ्या पाण्याचा दाब यांमुळे आधीच ताणलेल्या भ्रंशांना सरकण्यास वाव मिळतो, हे कोयनेच्या अभ्यासातून जगभर मान्य झाले. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात तेलविहिरींतील सांडपाणी जमिनीत खोलवर सोडल्याने भूकंपांची मालिका सुरू झाली; ३ सप्टेंबर २०१६ रोजी पॉनी येथे बसलेला धक्का ५.८ प्रतीचा होता. कर्बवायू सोडतानाही हेच भौतिकशास्त्र लागू होते.

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मार्क झोबॅक आणि स्टीव्हन गोरेलिक यांनी २०१२ मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवले. मोठा भूकंप झाला नाही तरी लहान-मध्यम धक्क्यांनी आच्छादक खडकाला तडा जाऊ शकतो आणि साठवणीचा हेतूच फसू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. आजवरच्या साठवण प्रकल्पांत नोंदलेली कंपने बहुतांशी सूक्ष्म, माणसाला न जाणवणारी आहेत. तथापि वायू कोट्यवधी टनांनी सोडला जाऊ लागेल तेव्हा मोठ्या भ्रंशांपासून दूर राहणे, दाबाची मर्यादा आधीच ठरवणे आणि भूकंपमापक यंत्रे सतत चालू ठेवणे यांना पर्याय उरत नाही.

दुबळी बाजू : विहिरी

खडकाने लाखो वर्षे जपलेला थर माणूस एका विहिरीने छेदतो. विहिरीतील पोलादी नळी आणि तिच्याभोवतीचे सिमेंट शाबूत असेपर्यंत काळजी नसते. परंतु कर्बवायू पाण्यात मिसळला की कर्बाम्ल तयार होते आणि ते पोलादाला गंज चढवते, सिमेंटलाही हळूहळू खाते.

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील डिकेटर येथे मक्यापासून इथेनॉल बनवणाऱ्या कारखान्यातील कर्बवायू २०११ पासून सुमारे २१०० मीटर खोलीवरील वालुकाश्मात सोडला जात होता. आदर्श म्हणून दाखवल्या जाणाऱ्या या प्रकल्पात २०२४ मध्ये उघड झाले की, एका निरीक्षण विहिरीची नळी गंजून काही वायू व खारे पाणी परवानगी नसलेल्या थरात शिरले आहे. ज्या विहिरीने पहारा द्यायचा, तिनेच वाट करून दिली होती. केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेने नियमभंगाची नोटीस बजावली आणि कंपनीने वायू सोडणे थांबवले. ही गळती जमिनीखाली खोलवर झाली होती. पिण्याच्या पाण्याला धोका पोहोचला नसल्याचे अधिकाऱ्यांनी सांगितले. तरीही लोकांचे समाधान झाले नाही. सुमारे पाच लाख लोकांची तहान भागवणाऱ्या माहोमेट या भूजल साठ्याच्या क्षेत्रात अशी साठवण करण्यास राज्याने २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली.

वाटेतला धोका

साठवणीची जागा कितीही पक्की असली तरी वायू तेथवर न्यावा लागतो. २२ फेब्रुवारी २०२० च्या संध्याकाळी मिसिसिपी राज्यातील सटार्शिया या खेड्याजवळ कर्बवायू वाहून नेणारा २४ इंची नळ फुटला. मुसळधार पावसानंतर उतारावरची माती सरकली आणि नळाचा सांधा तुटला. वायूचा पांढरा ढग सखल भागात उतरला. सुमारे दोनशे लोकांना हलवावे लागले आणि ४५ जणांना रुग्णालयात जावे लागले. प्राणवायू कमी पडल्याने मोटारींची इंजिने बंद पडली आणि लोकांना पळून जाणेही अवघड झाले. सुदैवाने कोणी दगावले नाही.

चौकशीत निघालेली गोष्ट अधिक गंभीर होती. नळ फुटल्यास कोणती वस्ती बाधित होईल याचा जो अंदाज कंपनीने बांधला होता, त्यात हे खेडे धरलेलेच नव्हते. मदतीला धावणाऱ्या स्थानिक यंत्रणेलाही आपण कोणत्या वायूचा सामना करत आहोत हे वेळेवर कळवले गेले नव्हते. गावाला आपल्या शेजारून काय वाहते हे ठाऊक असणे हा सुरक्षिततेचाच भाग आहे, हा सटार्शियाचा धडा होय.

अंदाज काय सांगतात?

संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक आंतरसरकारी मंडळाने २००५ च्या विशेष अहवालात म्हटले की, योग्य रीतीने निवडलेल्या आणि सांभाळलेल्या साठ्यांत शंभर वर्षांनंतर ९९ टक्क्यांहून अधिक वायू टिकून राहण्याची शक्यता फार मोठी आहे. २०१८ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने दहा हजार वर्षांचा हिशेब मांडला. नियमन चोख असेल तर त्या मुदतीअखेर सुमारे ९८ टक्के वायू खालीच राहील. नियमन ढिले असेल आणि बेवारस जुन्या विहिरी पुष्कळ असतील तर हे प्रमाण ७८ टक्क्यांच्या आसपास येईल, असा त्याचा निष्कर्ष होता. दोन्ही आकड्यांमधील अंतर विहिरींचे व त्यांवरील देखरेखीचे आहे, आणि ते कमी करणे माणसाच्या हातात आहे.

काळ्या पाषाणाचा पर्याय

आइसलँडमधील हेल्लिशेइदी येथे २०१२ मध्ये ‘कार्बफिक्स’ प्रकल्पाने वेगळी वाट चोखाळली. कर्बवायू पाण्यात विरघळवून ते पाणी बेसाल्ट खडकात सोडले गेले. दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून अधिक वायूचे खनिज बनल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले. एकदा दगड झाला की गळतीचा प्रश्नच मिटतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात वॉलुला येथे २०१३ मध्ये सुमारे एक हजार टन वायू बेसाल्टमध्ये सोडला गेला. दोन वर्षांनी काढलेल्या खडकाच्या नमुन्यांतही कार्बोनेट खनिजाच्या गाठी सापडल्या.

हा विषय मराठी मुलखाच्या जवळचा आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग, इंदूरभोवतीचे माळव्याचे पठार आणि बेळगावचा परिसर दख्खनच्या याच बेसाल्टवर वा त्याच्या कडेवर वसलेला आहे. सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर हा काळा पाषाण पसरला आहे. मात्र आइसलँडची पद्धत जशीच्या तशी येथे आणता येणार नाही. एक टन कर्बवायूसाठी तेथे सुमारे पंचवीस टन पाणी लागले. उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसणाऱ्या प्रदेशात एवढे पाणी कोठून आणायचे, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न असा की, याच बेसाल्टच्या भेगांतून येथील विहिरी आणि कूपनलिकांना पाणी लागते. पिण्याच्या पाण्याचे थर आणि साठवणीचे थर यांच्यात पुरेसा अभेद्य खडक आहे की नाही, हे ठिकठिकाणी खोल विंधनाने तपासल्याशिवाय ठरवता येणार नाही.

राखण कोणाची?

गुजरातेत बडोद्याजवळच्या कोयली तेलशुद्धीकरण कारखान्यातील कर्बवायू भरूच जिल्ह्यातील गांधार तेलक्षेत्रात सोडण्याबाबत इंडियन ऑइल आणि ओएनजीसी या दोन सार्वजनिक कंपन्यांमध्ये २०१९ मध्ये करार झाला. येथे मुख्य उद्देश उरलेले तेल ढकलून बाहेर काढण्याचा असतो. तेलाबरोबर वर येणारा वायू पुन्हा खाली सोडला जातो आणि अखेर बराचसा खालीच राहतो. जुन्या तेलक्षेत्राचा फायदा असा की भूगर्भाची माहिती हाताशी असते. तोटाही त्यातच असतो, कारण तेथे पूर्वी पाडलेल्या विहिरी अनेक असतात आणि त्यांतील प्रत्येकीची तपासणी करावी लागते.

वायू हजारो वर्षे खाली राहायचा आहे; कंपनीचे आयुष्य तेवढे नसते. म्हणून युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशानुसार विहीर बंद झाल्यावर साधारणपणे किमान वीस वर्षे जबाबदारी कंपनीकडे राहते आणि वायू स्थिरावल्याची खात्री पटल्यावरच ती सरकारकडे जाते. अमेरिकेच्या २०१० च्या नियमांत वायू सोडणे थांबल्यावर सर्वसाधारणपणे पन्नास वर्षे देखरेख अपेक्षित आहे. भारतात अशा साठवणीसाठी स्वतंत्र कायदा अजून झालेला नाही. लोकांना विश्वासात न घेतल्यास काय होते, हे नेदरलँड्समधील बारेंद्रेख्त शहराने दाखवले. वस्तीखालील रिकाम्या वायूक्षेत्रात साठवण करण्याची तेथील योजना रहिवाशांच्या विरोधामुळे २०१० मध्ये सोडून द्यावी लागली.

असा प्रकल्प उद्या कोठेही आला तर ग्रामसभेने पुढील प्रश्न विचारावेत. साठवणीच्या परिघात जुन्या विहिरी किती आहेत आणि त्या कोणी, कधी बुजवल्या? दाबाची कमाल मर्यादा किती आणि ती ओलांडल्यास काम थांबवण्याचा अधिकार कोणाला? भूजलाचे नमुने प्रकल्पापूर्वी घेतले आहेत का, म्हणजे पुढे बदल झाल्यास तो दाखवता येईल? नळ कोणत्या वस्तीजवळून जातो आणि तो फुटल्यास सूचना कोण देणार? आणि कंपनी निघून गेल्यावर मोजमापाचा खर्च कोण करणार? या पाच प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाली, तर भूगर्भातील साठवण ही इतर अनेक उद्योगांइतकीच आटोक्यातील जोखीम ठरू शकते. ती मिळत नसतील, तर खालचा खडक कितीही मजबूत असला तरी केवळ त्याच्या भरवशावर राहता येणार नाही.